कराटे शिकणाऱ्यांनी काय वाचावे?

हमालांच्या संघटनेत उभा जन्म घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कराटेवर बोलावे, आणि तेही कराटेच्या पुस्तकांवर, याचे व्यवस्थापक मंडळींना नवल वाटले. ते साहजिक आहे. आम्ही स्वतः कराटेचा एक हातही कधी केलेला नाही. लहानपणी तालमीत चार वर्षे गेलो आणि तेथून एक दुखरा गुडघा घेऊन परत आलो. त्याची हकीकत पुढे येईलच. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकाबाहेर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा लाथ कशी मारावी हे आम्ही सांगणार नाही. कराटे शिकणाऱ्या मुलाने, त्याच्या बापाने आणि त्याच्या शिक्षकाने काय वाचावे, एवढेच सांगावयाचे आहे. आणि ते सांगण्याचा अधिकार आम्हांस एका फजितीमुळे मिळाला आहे.

बाजार समितीच्या आवाराला लागून आमच्या संघटनेचे पत्र्याचे सभागृह आहे. दिवसा तेथे हमाल भाकरी खातात, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी सतरंज्या गुंडाळून कराटेचा वर्ग भरतो. शिक्षक अकोल्याहून एस. टी.ने येतात. हमालांची मुले, मापाऱ्यांची मुले, दोन शिंपी, एका बँक मॅनेजरचा मुलगा, अशी सरमिसळ असते. पांढरा पोशाख घातला की कोण कोणाचा हे ओळखू येत नाही, हे आम्हांस फार आवडते. दोन वर्षांपूर्वी या वर्गाच्या वार्षिक समारंभाला आम्हांस पाहुणे म्हणून बसविले. बोलावयास उभे राहिलो आणि सांगितले की, ओकिनावा बेटावरच्या गरीब शेतकऱ्यांची शस्त्रे सामुराई सरदारांनी काढून घेतली, तेव्हा त्या निःशस्त्र कष्टकऱ्यांनी आपल्या मुठीलाच शस्त्र बनविले, आणि हेच कराटे! मग तेथून हमालांच्या मुठीकडे आणि मुठीवरून संघटनेकडे यावयास कितीसा वेळ लागणार? टाळ्या पुष्कळ पडल्या.

समारंभ संपल्यावर एका हमालाची आठवीतली मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "काका, हे कोठं लिहेल हाय?"

प्रश्न साधा होता. तिला शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ते उतरवून घ्यावयाचे होते. आम्ही "सांगतो उद्या" म्हणालो. शिक्षकांनी तिला तेवढ्यात दटावले की, थोरांना असले प्रश्न विचारावयाचे नसतात, कराटेत आज्ञापालन पहिले. घरी येऊन आम्ही आठवू लागलो. कोठे वाचले होते? एका चित्रपटविषयक मासिकात, असे अंधुक वाटले. दुसरीकडे कोठे? एका पातळ पुस्तिकेत, ज्यात तीन आठवड्यांत आत्मसंरक्षण शिकविण्याची हमी होती. ज्या माणसाने तीस वर्षे मालकांना "कागद दाखवा" म्हणून सांगितले, त्याच्याजवळ स्वतःच्या भाषणाचा कागद नव्हता.

तेव्हापासून आम्ही या विषयाची पुस्तके पुण्या-मुंबईहून मागवून वाचू लागलो. इंग्रजी आमचे शब्दकोशाच्या आधाराने चालणारे आहे. कामगार कायद्यांचे निवाडे वाचता वाचता जेवढे आले तेवढेच. तरी वाचले, आणि आढळले ते असे. ओकिनावा हे पूर्वी र्युक्यु नावाचे स्वतंत्र राज्य होते. १६०९ साली दक्षिण जपानच्या सात्सुमा घराण्याने ते जिंकले व शस्त्रांवर निर्बंध आले, येथपर्यंत गोष्ट खरी आहे. परंतु त्यानंतर ज्या ज्या उस्तादांची नावे आपणांस ठाऊक आहेत, त्यांत शेतकरी जवळजवळ नाहीच. मात्सुमुरा हा राजाच्या अंगरक्षकांपैकी. आझातो खानदानी सरदारांपैकी. इतोसु हा राजदरबारी लेखनिक. म्हणजे ही विद्या मुख्यतः दरबारी अधिकारी आणि कारकून यांच्या वर्गाची होती, आणि ती ते वाड्याच्या आवारात, रात्री, आपसांत जपून शिकवीत असत. शेतकऱ्याला दिवसभर ऊस लावून झाल्यावर रात्री मुठी आपटावयास अंगात त्राण राहत असेल, हे आमच्यासारख्याने तरी मानावयास नको होते. थप्पी लावून घरी गेलेला हमाल काय करतो हे आम्ही रोज पाहतो. तो झोपतो.

हे वाचून आम्हांस वाईट वाटले, हे लपवीत नाही. ती गोष्ट आमच्या उपयोगाची होती. परंतु पुढे वाचीत गेलो तसे कळले की, खरी हकीकत त्या दंतकथेपेक्षा आमच्या अधिक कामाची आहे. १८७९ साली जपानने र्युक्युचे राज्य खालसा केले. दरबारी लोकांची तनखा-वतने हळूहळू गेली व त्यांची मुले शाळामास्तर, कारकून, पोलीस झाली. वतन गेलेल्या या माणसांनी आपली झाकलेली विद्या बाहेर काढली. इतोसु आंको याने १९०१ च्या सुमारास ती ओकिनावाच्या प्राथमिक शाळेत नेली, आणि १९०८ साली शिक्षणखात्यासाठी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. वाड्यातली विद्या शाळेच्या पटांगणात आली ती अशी. जी गोष्ट थोड्यांच्या कुलुपात होती ती सर्वांची झाली, आणि ती शाळेमुळे झाली.

आमच्या यादीतील पहिले वाचन म्हणजे इतोसुचे हे पत्र. कराटेवरच्या अनेक इंग्रजी पुस्तकांत त्याचे भाषांतर असते. दोन पानांचे आहे. पांढऱ्या पट्ट्याच्या मुलालाही समजावून सांगता येते. त्यात इतोसु आरंभीच स्पष्ट करतो की, कराटेचा उगम बौद्ध धर्मात नाही आणि कन्फ्यूशियसच्या शिकवणीतही नाही. पुढे तो सांगतो की, एकट्यादुकट्या माणसाशी भांडण काढण्यासाठी ही विद्या नाही. शरीर घडविण्यासाठी आणि आणीबाणीत आपल्या माणसांच्या रक्षणासाठी आहे. मात्र याच पत्रात एक अवघड गोष्टही आहे. शाळेतली मुले कराटे शिकली तर पुढे सैन्याला चांगले शिपाई मिळतील, असेही तो लिहितो व दाखल्यादाखल वेलिंग्टनचे नाव घेतो. हा वेलिंग्टन म्हणजे तोच, जो ड्यूक होण्यापूर्वी आर्थर वेलस्ली म्हणून आमच्या वऱ्हाडात आला होता. १८०३ च्या नोव्हेंबरात आडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर त्याने लढाया जिंकल्या. पॅसिफिकमधल्या बेटावरचा वृद्ध मास्तर आपल्या पत्रात त्याचा दाखला देतो, हे वाचताना आम्हांस हसूही आले आणि अंगावर काटाही आला. लहान मुलाला हे कलम वगळून सांगावे काय? आमचे मत, वगळू नये. विद्या सर्वांची झाली हे जितके खरे, तितकेच सरकार त्या विद्येकडे कोणत्या नजरेने पाहत होते हेही खरे.

येथे आणखी एका दंतकथेचा निकाल लावतो, कारण ती आपल्याकडच्या बहुतेक कराटे वर्गांतून पहिल्याच दिवशी सांगितली जाते. बोधिधर्म नावाचा भारतीय भिक्षू चीनमधील शाओलिन मठात गेला, त्याने भिक्षूंना कसरत शिकविली, म्हणून कराटे मूळचे आपलेच! गोड गोष्ट आहे. परंतु बोधिधर्माचे नाव या कसरतीशी जोडणारा जो ग्रंथ, तो १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे बोधिधर्मानंतर हजाराहून अधिक वर्षांनी झालेला. त्याच्या प्रस्तावना बनावट आहेत, हे तांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले. ज्यांना खोलात जावयाचे असेल त्यांनी मेइर शाहार यांचे शाओलिन मठावरील २००८ सालचे पुस्तक पाहावे. ते काळ्या पट्ट्याच्या मंडळींसाठी आहे. टीपाच टीपा आहेत, पण अंगी चिकाटी बाणवावयाची तर तीही कसरतच. आमची दंतकथा वर्गाच्या अभिमानाची होती, ही देशाच्या अभिमानाची. दोन्ही सांगणाऱ्याच्या सोयीच्या.

आता ज्या पुस्तकासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो त्याकडे येतो. गिचिन फुनाकोशी यांचे आत्मचरित्र मूळ जपानीत १९५६ साली व इंग्रजीत १९७५ साली 'कराटे-डो: माय वे ऑफ लाइफ' या नावाने निघाले. लहानसे आहे. बारा वर्षांच्या पुढच्या कोणालाही ते वाचून दाखविता येते, आणि साठीच्या माणसालाही पुरून उरते. फुनाकोशींचा जन्म १८६८ चा. घराणे दरबारी पण अगदी खालच्या पायरीचे. प्रकृती अशक्त. जुन्या वळणाच्या लोकांनी डोईवरची शेंडीवजा गाठ कापावयाची नाही असा हट्ट धरला होता, आणि गाठ असलेल्याला वैद्यकीच्या शाळेत प्रवेश नव्हता. तेव्हा वैद्यकी हुकली व ते प्राथमिक शाळेत मास्तर झाले. दिवसा शाळा, आणि रात्री हातात कंदील घेऊन आझातोच्या घरी चालत जावयाचे. तेथे एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकच मालिका, गुरूचे समाधान होईपर्यंत महिनेच्या महिने करावयाची.

१९२२ साली जपानच्या शिक्षणखात्याने टोकियोत शारीरिक शिक्षणाचे प्रदर्शन भरविले, त्यात प्रात्यक्षिक करण्यासाठी ते गेले आणि तेथेच राहिले. वय पन्नाशी उलटलेले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांना एक लहानशी खोली मिळाली, आणि तिच्या बदल्यात हा कराटेचा आचार्य वसतिगृहाचे अंगण झाडी, खोल्या साफ करी. एकदा पैसे इतके संपले की, जुनी टोपी आणि ओकिनावी विणीचा किमोनो स्वयंपाक्याच्या हाती गहाणवटीच्या दुकानात धाडावा लागला. स्वयंपाकी परतला तो वस्तूंच्या किमतीहून कितीतरी जास्त रक्कम घेऊन. दुकानातल्या कारकुनाचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे कराटे शिकत होता! हे प्रकरण आम्ही दुपारच्या सुट्टीत हमालांना वाचून दाखविले तेव्हा सभागृहात कोणी बिडीसुद्धा पेटविली नाही. ज्यांनी बायकोची पोत सोनाराकडे ठेवली आहे त्यांना गहाणवटीच्या दुकानाची पायरी समजावून सांगावी लागत नाही.

मुलांना मात्र दुसरी गोष्ट आवडते. देवापुढे ठेवावयाच्या गोड वड्या घेऊन फुनाकोशी रात्री चालले असताना दोन दांडग्यांनी वाट अडविली. त्यांनी हात उगारला नाही. वड्या देऊन टाकल्या व पुढे गेले. गुरूंना ही हकीकत कळली तेव्हा त्यांनी शाबासकी दिली. बँक मॅनेजरच्या मुलाने यावर हरकत घेतली की, मग शिकून उपयोग काय? वर्गात तासभर वाद झाला. असा वाद ज्या पुस्तकाने होतो ते पुस्तक वर्गात असावे. आणि हेही सांगितले पाहिजे की, म्हातारपणी एका चोराला आपण वेदना होईल असा धरला, याची शरम वाटल्याचेही त्यांनी त्याच पुस्तकात नोंदविले आहे. स्वतःची चूक छापून ठेवणारे उस्ताद फार नाहीत.

फुनाकोशींचा तंत्रावरचा मोठा ग्रंथ 'कराटे-डो क्योहान' १९३५ चा. त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे छपाईचे साहित्य १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाले, तरी ते पुन्हा लिहीत राहिले. 'क्योहान' हा वरच्या पट्ट्यांचा ग्रंथ. त्याच्या जोडीला मासातोशी नाकायामा यांचे १९६६ चे 'डायनॅमिक कराटे' ठेवावे. कंबर वळल्याने ठोशात जोर कसा येतो, टाच उचलली तर तो जोर कोठे सांडतो, हे त्यात छायाचित्रांनी दाखविले आहे. मात्र ही दोन्ही पुस्तके शोतोकान पद्धतीची. गोजू, शितो, वादो या पद्धती निराळ्या, त्यांचे उभे राहणेही निराळे. आपला वर्ग कोणत्या पद्धतीचा हे आधी शिक्षकांना विचारावे, मग पुस्तक घ्यावे. नाहीतर मुलगा पुस्तकाप्रमाणे उभा राहील आणि वर्गात बोलणी खाईल. ज्यांना ओकिनावाच्या अंगणाचा वास हवा असेल त्यांच्यासाठी शोशिन नागामिने यांचे १९७६ चे पुस्तक आहे. हे गृहस्थ तेथल्या पोलीस खात्यात नोकरीला होते. लिहिणे नेमके व कोरडे, आम्हांस आवडले.

त्या मुलीचा बाप पुस्तकांवर खूष नव्हता. पट्ट्याच्या परीक्षेची फी भरावयास तो तयार होता, कारण पट्टा कमरेला दिसतो. "वाचून कधी लाथ बसते का, भाऊ?" असे त्याने आम्हांस विचारले. नाही बसत, हे कबूल केले. मग त्याला पट्ट्याची हकीकत सांगितली. हे रंगीत पट्टे काही ऋषिमुनींच्या काळचे नाहीत. श्रेणी आणि काळा पट्टा ही पद्धत जिगोरो कानो यांनी ज्यूडोसाठी बसविली, आणि फुनाकोशींनी ती तेथून उचलून १९२४ साली आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. त्याआधीचे सगळे नामांकित उस्ताद बिनपट्ट्याचेच. हे ठाऊक असलेला बाप परीक्षेची फी भरील, पण वर्षातून चार वेळा भरताना एकदा तरी "कशाची?" असे विचारील. आम्ही पट्ट्याच्या विरुद्ध नाही. मुलाला पायरी दिसावी लागते. परंतु पावती मागण्याची सवय वाईट नाही.

अगदी लहान मुलांना, म्हणजे दहा वर्षांच्या आतल्यांना, कराटेचे पुस्तक देऊच नये. त्यांना ज्या देशाचे नमस्कार आपण करवितो तो देश दाखवावा. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत सहज मिळते. जुन्या आगगाडीच्या डब्यांत भरणारी टोकियोतली शाळा, मुलांचे तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, पोलिओ झालेल्या मित्राला झाडावर चढविणारी छोटी मुलगी, आणि शेवटी बाँबवर्षावात जळालेली ती शाळा. आमच्या वर्गातल्या सात वर्षांच्या पोरांना हे पुस्तक वाचून दाखविल्यापासून वर्गात एक पाय अधू असलेला एक मुलगा दाखल झाला आहे. त्याला त्याच्या मित्रांनीच आणला.

चौदा ते अठराच्या मुलामुलींसाठी आमच्या यादीत एक असे वाचन आहे जे कोणत्याही कराटेच्या पुस्तकात नसते. भारतीय न्याय संहिता, २०२३, कलमे ३४ ते ४४. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली; पूर्वीच्या दंडसंहितेत हीच कलमे ९६ ते १०६ होती. खाजगी बचावाचा हक्क म्हणजे काय, तो केव्हा सुरू होतो, केव्हा संपतो, हे त्यांत आहे. आपल्या शरीराचाच नव्हे तर दुसऱ्याच्या शरीराचाही बचाव करण्याचा हक्क कायदा देतो. बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा अॅसिड फेकण्याच्या इराद्याने केलेल्या हल्ल्यात तो हक्क हल्लेखोराचा प्राण जाण्यापर्यंतही पोचू शकतो. पण बचावाला जरूर तेवढीच इजा करता येते, त्याहून जास्त नाही. आणि पोलिसांकडे जाण्यास वेळ असेल तर हा हक्क राहत नाही. ज्याच्या लाथेत जोर आला आहे त्याला ही मर्यादा ठाऊक नसेल, तर एक दिवस तो पडलेल्या माणसाला दुसरी लाथ घालील आणि फिर्यादीचा आरोपी होईल. संपाच्या काळात फाटकावर काय करावयाचे नाही हे आम्ही पोरांना आधी शिकवीत असू. त्यामुळेच पुष्कळांचे आयुष्य वाचले.

मुलींच्या आईबापांनी, आणि मुलांच्याही, २०१२ चा पॉक्सो कायदा वाचावा. अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकासाठी तो आहे. वर्ग रात्री सुटतो, मुले शिक्षकाच्या शब्दाबाहेर जात नाहीत, आणि आज्ञापालन हा तर तेथला पहिला धडा. बहुतेक शिक्षक सज्जन असतात. सज्जन शिक्षकाला या कायद्याच्या वाचनाने राग येण्याचे कारण नाही.

आता गुडघा. आमच्या तालमीतल्या वस्तादांपुढे आम्ही खडे मांडून बैठका मोजीत असू. पाचशेच्या खाली सुटका नव्हती. गुडघ्यात कळ आली तेव्हा सांगितले नाही, कारण सांगावयाचे नसते असेच ऐकले होते. पुढे पोते पाठीवर घेऊन फळीवर चढताना तो गुडघा जन्मभर बोलत राहिला. पन्नाशीनंतर एका डॉक्टरांच्या पुस्तकात वाचले की, वाढत्या वयात हाडांची टोके कूर्चेची, म्हणजे मऊ असतात, आणि त्यांवर रोजचा अतिभार पडला तर ती बिघडतात. हे वाक्य आम्हांस बाराव्या वर्षी भेटावयास हवे होते. म्हणून शिक्षकांच्या टेबलावर दोन पुस्तके असलीच पाहिजेत: एक शरीरशास्त्राचे सोपे पुस्तक व एक प्रथमोपचाराचे. लहान मुलांकडून भिंतीवर मुठी आपटून घेणारा शिक्षक पहिले वाचलेला नसतो. आणि डोक्याला फटका बसून ज्याला घेरी आली, ओकारी झाली किंवा आपण कोठे आहोत हे ज्याला आठवेना, त्याला त्या दिवशी पुन्हा उभे करावयाचे नसते, दवाखान्यात न्यावयाचे असते, हे दुसऱ्यात असते.

प्रौढांच्या हाती हल्ली मियामोतो मुसाशीचे 'पाच वलयांचे पुस्तक' फार दिसते. हा सतराव्या शतकातला तलवारबहाद्दर. १६४५ च्या सुमारास एका गुहेत बसून त्याने पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि शून्य अशी पाच प्रकरणे लिहिली. पंचमहाभूतांच्या देशात हे नाव वाचून जवळीक वाटते, पण शेवटी ते माणूस कसा कापावा याचे पुस्तक आहे. अमेरिकेत कंपन्यांच्या मॅनेजरांनी ते धंद्याची युक्ती म्हणून डोक्यावर घेतले, आणि आमच्याशी वाटाघाटी करणाऱ्या एका साहेबांच्या टेबलावरही ते होते. आम्ही तेव्हाच उसने मागून घेतले; शत्रूचे वाचन आपणही वाचावे. ओयगेन हेरिगेल या जर्मनाचे झेन आणि धनुर्विद्येवरचे पुस्तकही असेच लोकप्रिय. वाचावयास हरकत नाही, पण त्याला जपानी नीटसे येत नव्हते, गुरूचे बोलणे दुभाष्यामार्फत कळत होते, आणि पुढे तो नाझी पक्षात गेला, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

आमच्या मातीतले काय? ते असून आम्ही ते विसरलो. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसने, सर्व काही चित्रांसह. जुन्या वाचनालयांच्या कपाटांत त्याचे सुटे खंड धूळ खात असतात; ग्रंथपालास विचारून पाहावे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त मल्लांच्या आहाराचे व सरावाचे प्रकरण आहे. आणि शेजारच्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे; त्याचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आले. कराटे शिकणाऱ्या वाशिमच्या पोराला ओकिनावाचा कारकून ठाऊक असावा आणि अमरावतीचा आखाडा ठाऊक नसावा, हे बरे नाही. त्याच १९३६ साली तिकडे नाहा शहरात वर्तमानपत्रवाल्यांनी बोलाविलेल्या बैठकीत उस्ताद मंडळी 'कराटे' हा शब्द कसा लिहावा यावर खल करीत होती. पूर्वी त्याचा अर्थ 'चिनी हात' असा लिहीत. आता 'रिकामा हात' ठरला. उच्चार तोच, अक्षर बदलले. चीनशी वैर वाढत चालले होते, हे त्यामागचे एक कारण.

गेल्या वार्षिक समारंभात आम्ही पुन्हा उभे राहिलो आणि दोन वर्षांपूर्वी सांगितलेली शेतकऱ्यांची गोष्ट चुकीची होती, असे ध्वनिक्षेपकावर सांगितले. पुढाऱ्याने असे करू नये, असा कार्यकारिणीतल्या दोघांचा सल्ला होता. सभागृहात जरा शांतता झाली. मग मागच्या बाकावरचा एक जुना हमाल उठला व म्हणाला, "मंग भाऊ, हमालीच्या दराचं जे सांगतलं तेबी तपासा लागन काय?" हशा झाला. पण त्याचे म्हणणे थट्टेचे नव्हते, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी करारपत्र काढून सर्वांसमोर वाचले. दर बरोबर होते. तूर आणि हळद यांच्या पोत्यांच्या वजनाविषयीचे एक कलम मात्र आम्ही स्वतःच नीट वाचले नव्हते, ते त्या दिवशी वाचले.

आता पुस्तके मिळावयाची कशी, हा प्रश्न. बहुतेक इंग्रजीत आहेत आणि महाग आहेत. वर्गातल्या वीस पालकांनी एका पट्ट्याच्या फीइतकी वर्गणी एकदाच काढली तर कपाट उभे राहते. आमच्या कपाटात सध्या सोळा पुस्तके आहेत. भाषेसाठी आम्ही एक दोनशे पानी वही घातली आहे. फुनाकोशींचे आत्मचरित्र आम्ही शनिवारी अडखळत वाचतो, मुले अर्थ लावतात, आणि ती आठवीतली मुलगी, आता दहावीत आहे, मराठीत उतरवून घेते. शिक्षकही आता थांबतात, शेवटची एस. टी. चुकली तर सभागृहातच झोपतात. वहीची एकेचाळीस पाने झाली आहेत. मागच्या शनिवारी टोकियोच्या वसतिगृहापाशी गाडी अडली, कारण अंगण झाडणाऱ्या त्या माणसाला मराठीत झाडूवाला म्हणावे की रखवालदार, यावर एकमत झाले नाही. मुलीचे म्हणणे, मास्तरच लिहावे. बापाला विचारून येते, म्हणाली.